ह्यूगो की जेकिल, हे शेवटी ठरवा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: २००९ पासून ब्लॉगस्पॉटवर मराठीत लिहिताय, दीडशेच्या वर लेख आणि थोड्या कविता साठल्यात. आता स्वतःच्या डोमेनवर स्टॅटिक साइट जनरेटर वापरून ब्लॉग उभा करायचाय. प्रोग्रॅमिंग येत नाही, पण टर्मिनलची (कमांड टाइप करायच्या खिडकीची) भीती नाही. ह्यूगो घ्यावं, जेकिल घ्यावं की ॲस्ट्रो, आणि काम किती दिवसांचं?

एका शब्दात उत्तर हवं असेल तर ह्यूगो. नवा ब्लॉग दोन शनिवार-रविवारांत उभा राहतो, जुने लेख हलवायचे धरले तर महिना जातो. पण गेली बरीच वर्षं मी स्वतःच्या आणि ओळखीपाळखीच्या लोकांच्या अशा साइट उभ्या करून देतोय, आणि जनरेटर चुकीचा निवडला म्हणून बंद पडलेला एकही ब्लॉग माझ्या पाहण्यात नाही. बंद पडतात ते पत्ते बदलल्याने, चित्रं हरवल्याने, नाहीतर थीम सजवता सजवता लिहिणाराच दमून गेल्याने. त्यामुळे जनरेटरचं दोन परिच्छेदांत उरकतो आणि जिथे मराठी माणूस खरोखर अडतो तिथे वेळ घालवतो.

वर्डप्रेस म्हणजे गिऱ्हाईक आलं की तवा तापवायचा. स्टॅटिक साइट म्हणजे फराळाचे डबे आधीच भरून ठेवलेले; आलेल्याला डबा द्यायचा, बास. तुमचे लेख साध्या मजकुराच्या फाइली म्हणून एका फोल्डरमध्ये असतात, थीम दुसऱ्या फोल्डरमध्ये, आणि जनरेटर दोन्ही एकत्र करून तयार एचटीएमएल पानं काढतो. डेटाबेस नाही, त्यामुळे रात्री-अपरात्री कुणी फोडेल अशी कडीही नाही. कल्पना नवी नाही. २००१ मधलं मूव्हेबल टाइप पानं अशीच आधी बनवून ठेवायचं, आणि खुद्द ब्लॉगरवरून २०१० पर्यंत एफटीपीने स्वतःच्या सर्व्हरवर पानं पाठवता यायची. २००८ मध्ये प्रोग्रॅम साठवायच्या गिटहब या साइटच्या टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी जेकिल काढलं आणि ही पद्धत प्रोग्रॅमर मंडळींत पुन्हा रुजली.

जेकिल चांगलंच आहे, पण त्याला रुबी ही प्रोग्रॅमिंगची भाषा लागते. विंडोजवर रुबी बसवणं हा एक उद्योग, आणि दोन वर्षांनी लॅपटॉप बदलल्यावर तोच उद्योग नव्याने. ॲस्ट्रो आणि इलेव्हन्टी (हाही असाच एक जनरेटर) जावास्क्रिप्ट या भाषेवर चालतात. ज्याला ती भाषा येते त्याला इलेव्हन्टीसारखं सुख नाही. २०१३ मध्ये स्टीव्ह फ्रान्सिया यांनी सुरू केलेलं ह्यूगो ही एकच फाइल आहे. उतरवा, चालवा. दीडशे लेखांची साइट चहाचा घोट घ्यायच्या आत बांधून होते. त्याची टेम्प्लेटची, म्हणजे पानाच्या साच्याची, भाषा मात्र विचित्र आहे, तिला तुम्ही एकदा तरी शिव्या घालाल. उतरवताना ‘एक्स्टेंडेड’ आवृत्ती घ्या, कारण काही थीमना तीच लागते. आणि कोणती आवृत्ती घेतली तो आकडा कुठेतरी लिहून ठेवा. होस्टिंगवर, म्हणजे साइट जिथे ठेवाल तिथे, नेमकी तीच आवृत्ती वापरायला सांगता येते आणि ते सांगावंच. घरी एक आणि तिकडे दुसरी, यातून होणारे घोळ फार चिवट असतात.

आता पत्ते. लेखाचा पत्ता देवनागरीत ठेवायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला होता. ब्राउझरच्या पट्टीत तो छान दिसतो. पण यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणक मजकूर साठवतो त्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासकट तीन अक्षरांनी लिहिला जातो. ‘पावसाळा’ या शब्दात काने धरून सात चिन्हं आहेत, म्हणजे पत्त्यात त्रेसष्ट अक्षरं. एका शब्दाची! मराठी विकिपीडियाचा दुवा व्हॉट्सॲपवर चिकटवल्यावर जी टक्क्यांची लांबलचक माळ येते ती हीच. लिनक्सवर फाइलचं नाव २५५ बाइटच्या पुढे जात नाही, म्हणजे देवनागरीची ८५ चिन्हं. ललित लेखाचं ऐसपैस शीर्षक फाइलच्या नावात घातलं तर तेवढी सहज भरतात.

ह्यूगो पत्ता घेतं तो फाइलच्या नावावरून, शीर्षकावरून नाही. तेव्हा फाइलचं नाव रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत, मध्ये आडवी रेघ देऊन ठेवा आणि शीर्षक मराठीत लिहा. इथे एक सापळा आहे. पत्त्यांतली ‘ॲक्सेंट’ काढून टाकायची एक सोय ह्यूगोमध्ये आहे. ती मुळात बंद असते, पण युरोपीय भाषांसाठी लिहिलेला एखादा नमुना कॉन्फिग (साइटच्या सेटिंगची फाइल) उचललात तर त्यात ती चालू असू शकते. युनिकोडच्या हिशेबात आपला उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त हे सगळे त्याच ‘जागा न घेणाऱ्या खुणां’च्या वर्गात येतात. काना आणि वेलांटी मात्र येत नाहीत. परिणाम असा, की ‘पुणे’ या टॅगच्या पानाचा पत्ता ‘पण’ होतो. एका मैत्रिणीच्या साइटवर मी हे पाहिलं तेव्हा दहा मिनिटं आम्ही नुसते हसत होतो, आणि मग तासभर शोधत होतो.

टॅग देवनागरीतच राहू द्या, पण त्यांची यादी आधी कागदावर लिहा. एकदा ‘पुस्तकं’ आणि एकदा ‘पुस्तके’ लिहिलंत की ह्यूगोच्या लेखी ते दोन वेगळे विषय. प्रवासवर्णनं, प्रवास आणि भटकंती अशी तीन पानं, प्रत्येकावर दोन-दोन लेख, असले ब्लॉग मी बरेच पाहिलेत.

लेखाच्या फाइलीत वर जो माहितीचा चौकटवजा भाग असतो, त्याला फ्रंट मॅटर म्हणतात. शीर्षक, तारीख, टॅग वगैरे तिथे. मराठी कीबोर्ड चालू ठेवून लिहिणाऱ्यांची पहिली फजिती इथेच होते, कारण तारखेचे आकडे देवनागरीत उमटतात आणि ह्यूगोला ती तारीख कळत नाही. तिथे इंग्रजी आकडेच हवेत. दुसरी फजिती अवतरणचिन्हांची: वर्डमधून चिकटवलं की वळणदार चिन्हं येतात, फ्रंट मॅटरला सरळ लागतात. शीर्षकात विसर्गासारखा अपूर्णविराम असेल तर अख्खं शीर्षक अवतरणात घाला. लेखाच्या मजकुरातही ‘१.’, ‘२.’ असं देवनागरीत लिहिलं तर मार्कडाउन (लेख लिहायची साध्या खुणांची पद्धत) त्याची यादी करत नाही, एकापुढे एक ओळी जोडून मोकळं होतं. यादी इंग्रजी आकड्यांनी लिहा, आणि थीमच्या सीएसएसमध्ये (रंगरूपाच्या फाइलीत) यादीची शैली देवनागरी करा, म्हणजे वाचणाऱ्याला १, २, ३ दिसेल.

कवितांचं वेगळं सांगतो. मार्कडाउन ओळी जोडतं. तुमची आठ ओळींची कविता एका परिच्छेदात पसरून जाईल. प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन रिकाम्या जागा दिल्या तर ओळ तुटते, पण त्या जागा डोळ्यांना दिसत नाहीत आणि काही एडिटर त्या परस्पर पुसतात. ह्यूगोच्या मार्कडाउन विभागात ‘हार्ड रॅप्स’ नावाची सेटिंग आहे. ती चालू केली की एंटर मारली तिथे ओळ तुटते. गद्य लिहिताना अधूनमधून एंटर मारायची सवय नसेल तर खुशाल चालू करा.

आता ज्याने मला स्वतःला एक अख्खा दिवस घुमवलं ते. सकाळी नऊ वाजता लेख लिहिला, फ्रंट मॅटरमध्ये हाताने तारीख आणि ९:०० अशी वेळ टाकली, पुश केलं, म्हणजे होस्टिंगकडे पाठवलं. बिल्ड (पानांची बांधणी) हिरवं, चूक नाही, तक्रार नाही, लेखही नाही. वेळेबरोबर टाइमझोन दिलेला नसेल तर ह्यूगो ती यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, धरतं. यूटीसीचे नऊ म्हणजे आपले दुपारचे अडीच. भविष्यातली तारीख असलेला लेख ह्यूगो मुळात बांधतच नाही, आणि तसं ओरडून सांगतही नाही. मजा पुढेच आहे. दुपारचे अडीच वाजून गेले तरी लेख आपोआप येत नाही, कारण डबे सकाळीच भरून झालेत. पुन्हा बिल्ड होईल तेव्हाच तो दिसणार. कॉन्फिगमध्ये टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ असा एकदा लिहून टाका आणि हे विसरून जा. लेख गायब असला तर तपासायच्या जागा दोनच: ही, आणि मसुदा म्हणून लावलेली ‘ड्राफ्ट’ची खूण काढायची राहिली आहे का ती.

थीम निवडताना तिचं डेमो पान पाहून भुलू नका, ते इंग्रजीत असतं. आधी तुमचे दोन लेख आणि एक कविता त्या थीममध्ये टाका आणि फोनवर पाहा. मी सगळ्यात आधी मथळ्याची शिरोरेषा पाहतो. मथळ्यांच्या अक्षरांमध्ये अंतर सोडायची फॅशन आहे. रोमनमध्ये ते देखणं दिसतं, देवनागरीत शिरोरेषेचे तुकडे पडतात, जणू अक्षरांना कुणी कात्री लावलीय. सीएसएसमधलं ते अक्षरांतर शून्य करा. ओळींमधलं अंतर दीडपट असेल तर पावणेदोनपट करा, कारण आपल्याकडे वर रफार आणि खाली उकार असतो. तिरपा ठसा बंद करा. बहुतेक देवनागरी फाँटांत खरा तिरपा ठसा नसतोच, ब्राउझर सरळ अक्षरं ढकलून वाकडी करतो.

साइटची भाषा ‘एमआर’ म्हणून नोंदवा. स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना तिचा उपयोग होतो, आणि काही फाँट ही खूण पाहून मराठी वळणाचे ल आणि श देतात. ती नसेल तर हिंदी वळणाचे येतात. मग ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘वाऱ्यावर’ हे शब्द लिहून र्‍याचं रूप नीट येतंय ना ते बघा. हे रूप दोन प्रकारे टाइप होतं, एक नुक्त्याच्या र ने आणि एक अदृश्य जोडचिन्हाने. दिसायला एकच, पण संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. पुढे साइटवर शोध बसवलात तर एकाने टाइप केलेलं दुसऱ्याला सापडणार नाही. एकच कीबोर्ड धरून राहा.

वेबफाँट (वाचकाला साइटबरोबर उतरवावा लागणारा फाँट) सुरुवातीला लावूच नका, असं माझं मत आहे. अँड्रॉइडवर नोटो सॅन्स देवनागरी असतो, ॲपलवर कोहिनूर, विंडोजवर निर्मला. तिन्ही वाचनीय आहेत. देवनागरी फाँटांत जोडाक्षरांमुळे चिन्हं भरपूर, म्हणून फाइलही जड. पुढेमागे हौस वाटली तर ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ फाँट, किंवा मराठी वळणासाठी मुद्दाम केलेला टिरो देवनागरी मराठी आवर्जून पाहा.

आणि थीम वाचनाला लागणारी मिनिटं दाखवत असेल तर ती ओळ काढून टाका. ह्यूगो मिनिटाला २१३ शब्द धरतं. आपले शब्द प्रत्यय चिकटून लांब होतात. ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ हाही त्याच्या लेखी एकच शब्द.

होस्टिंगला पैसे लागत नाहीत, डोमेनला लागतात. डॉट इन डोमेन घेताना पहिल्या वर्षाची जाहिरातीतली किंमत पाहू नका, नूतनीकरणाची पाहा. एका विक्रेत्याकडे मी पहिल्या वर्षी जे दिलं त्याच्या जवळजवळ चौपट दुसऱ्या वर्षी मागितलं होतं. देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मिळतं. हौसेने जोडीला घ्या आणि मुख्य डोमेनकडे वळवा. पण तेच मुख्य ठेवलंत तर कितीतरी फॉर्म तो पत्ता स्वीकारत नाहीत आणि ईमेलची तर रड असतेच. डोमेन तुमच्या स्वतःच्या खात्यावर असू द्या. ‘करून देतो’ म्हणणाऱ्या भाच्याच्या खात्यावर नको, भाचा कितीही गुणी असला तरी.

गिटहब पेजेस फुकट आहे. साइट १ जीबीपर्यंत, महिन्याला १०० जीबी वाहतूक अशी त्यांची मर्यादा. तुम्हाला जन्मभर पुरेल. पण फुकट खात्यावर त्यासाठी रेपो (तुमच्या फाइलींचं तिथलं कोठार) सगळ्यांना खुला ठेवावा लागतो. म्हणजे ‘ड्राफ्ट’ची खूण लावलेले अर्धवट लेखसुद्धा, शोधणाऱ्याला रेपोत वाचता येतात. खूप मसुदे साठवणाऱ्याने रेपो खाजगी ठेवून क्लाउडफ्लेअर पेजेसवर साइट चढवावी. तिथे फुकटात महिन्याला ५०० बिल्ड आणि २०,००० फाइली चालतात, एक फाइल मात्र २५ एमबीच्या आत हवी.

पहिल्यांदा साइट चढवल्यावर दोनपैकी एक गोष्ट होणारच. मजकूर दिसतो पण रंगरूप नाही, सगळं उघडंबोडकं: म्हणजे कॉन्फिगमधल्या ‘बेस यूआरएल’मध्ये तुमचं खरं डोमेन लिहायचं राहिलं. किंवा बिल्ड होतं आणि पान कोरं येतं: म्हणजे थीम गिटच्या (फाइलींचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाच्या) सबमॉड्यूलने, म्हणजे नुसत्या दुव्याने, जोडली होती आणि ती सर्व्हरवर पोचलीच नाही. सबमॉड्यूलच्या नादी न लागता थीमचं फोल्डर सरळ आपल्या रेपोत ठेवणारा माणूस मी आहे. शुद्धतावादी नाक मुरडतील.

आता जुने लेख. आज रात्री पहिलं काम करा: ब्लॉगरमधून निर्यात करून फाइल उतरवा. त्या फाइलीत मजकूर आणि प्रतिक्रिया येतात, चित्रं येत नाहीत, फक्त त्यांचे गूगलच्या सर्व्हरवरचे पत्ते येतात. नव्या साइटवर ती चित्रं दिसतील आणि वाटेल सगळं आलं. ती अजून तिकडेच आहेत. प्रत्येक चित्र उतरवून लेखाच्या फोल्डरमध्ये ठेवायचं, लेख आणि त्याची चित्रं एकाच फोल्डरात. फोनचे फोटो १६०० पिक्सेलच्या आसपास लहान करा. गिट एकदा पोटात घेतलेलं सोडत नाही. पाच एमबीचा फोटो नंतर काढलात तरी इतिहासात तो राहतोच. आणि फोटोतली स्थानाची माहिती पुसा. घराच्या गच्चीतल्या बागेचे फोटो टाकणाऱ्या एका काकांच्या ब्लॉगवरून त्यांचं घर नकाशावर नेमकं सापडत होतं.

दीडशे लेख मार्कडाउनमध्ये उतरवत बसू नका. ह्यूगो एचटीएमएल फाइलसुद्धा लेख म्हणून घेतं, वर फ्रंट मॅटर असला की झालं. जुने तसेच ठेवा, नवे मार्कडाउनमध्ये लिहा. मार्कडाउनमध्ये मधेच एचटीएमएलचा तुकडा टाकला, उदाहरणार्थ यूट्यूबची चौकट, तर ह्यूगो तो गाळतं. सुरक्षेसाठी तसं ठरवलेलं आहे आणि कॉन्फिगमध्ये बदलता येतं. २००९च्या सुमाराचा काही मजकूर मुळात श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या फाँटात टाइप करून ठेवला असेल तर तो आधी युनिकोडमध्ये आणा, मग डोळ्यांनी वाचून काढा. रूपांतर करणारी साधनं रफार आणि पहिल्या वेलांटीशी हमखास भांडतात.

ब्लॉगर मराठी शीर्षकातून पत्ता बनवू शकत नसे, म्हणून तुमच्या लेखांचे पत्ते ‘ब्लॉग-पोस्ट’, मग ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि एक आकडा, असेच असणार. जुना ब्लॉग स्वतःच्या डोमेनवर असेल तर प्रत्येक लेखाच्या फ्रंट मॅटरमध्ये ‘एलियस’ म्हणून तो जुना पत्ता लिहा. ह्यूगो त्या जागी एक छोटं पान ठेवतं आणि वाचक नव्या पत्त्यावर जातो. ब्लॉगस्पॉटच्या पत्त्यावर असेल तर तिथून बाहेर वळवायची सरळ सोय नाही. जावास्क्रिप्ट घालून वळवणारे आहेत, मी ते करत नाही. जे वीस-पंचवीस लेख लोक अजून वाचतात, त्यांच्या वर हाताने एक ओळ टाका: हा लेख आता इथे आहे. बाकीचे राहू द्या. ब्लॉग मात्र पुसू नका.

उघडताना साइटवर तीन-चार लेख, ‘माझ्याविषयी’चं पान, न सापडलेल्या पानासाठी मराठीतलं पान आणि आरएसएस (नवे लेख वाचकाच्या ॲपमध्ये पोचवणारी सोय) एवढं पुरे. ह्यूगोचा आरएसएस मुळात लेखाचा फक्त सारांश देतो. टेम्प्लेटमध्ये एक शब्द बदलून पूर्ण लेख द्या. प्रतिक्रियांसाठी गिस्कस वगैरे आहेत, पण त्याला वाचकाकडे गिटहबचं खातं लागतं. तुमच्या वाचकांपैकी किती जणांकडे असेल? लेखाखाली ईमेलचा दुवा द्या. शोध नंतर, भेटींची मोजणी त्याहून नंतर.

एक गोष्ट मात्र उघडण्याआधीच करा. मराठी ब्लॉग वाचला जातो तो व्हॉट्सॲपवरून. दुवा पाठवल्यावर शीर्षक, दोन ओळी आणि चित्र येतं की नुसता पत्ता, यावर तो उघडला जाणार की नाही हे ठरतं. त्यासाठी पानात ओपन ग्राफच्या खुणा लागतात. बहुतेक थीम त्या घालतात, पण वर्णनाच्या दोन ओळी फ्रंट मॅटरमध्ये तुम्हीच लिहायच्या, आणि चित्र हलकं हवं. स्वतःलाच दुवा पाठवून बघा. एकदा चुकीचं चित्र आलं की तेच काही काळ चिकटून राहतं, म्हणून घरच्या ग्रुपवर सगळ्यात शेवटी पाठवा.